पंचवीस रुपयांचं बटन

वर्ध्यात राहून खर्चाची तक्रार करणं जरा जोखमीचं आहे. आठ किलोमीटरवर सेवाग्राम. 1936 साली तिथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहायला आलेल्या माणसाने आपल्या झोपडीला किती पैसे लागावेत याची हद्द आधीच आखून दिली होती. माती, बांबू, लाकूड आसपासचं आणि राबणारे हात गावातले. इस्टिमेट घरात राहणाऱ्याने सांगायचं आणि कारागिराने ऐकायचं, असा तो जमाना. आमच्या रामनगरात हा क्रम उलटा आहे. इथे वायरमन इस्टिमेट सांगतो आणि घरमालक पंख्याखाली बसून ऐकतो. आमच्या नशिबी तर पंखाही नव्हता, कारण गेलं होतं ते पंख्याचंच बटन.

बटन एकदम गेलं नाही. दाबलं की पंखा सुरू आणि बोट काढलं की बंद, हे लक्षण आदल्या उन्हाळ्यापासून होतं. मग दाबून किंचित डावीकडे रेटायचं, आतून 'चर्र' असा आवाज येऊ द्यायचा आणि बोट हळूच, बटनाच्या लक्षात येऊ न देता, काढून घ्यायचं. ही विद्या घरातल्या सगळ्यांना अवगत झाली होती. पाहुण्यांना नव्हती. एखादा पाहुणा घाम पुसत बोर्डाकडे निघाला की आई खाटेवरून ओरडायची, "राहू द्या, तुम्हाले नाही जमणार ते!" ज्याच्या सहीने लोकांची लाखांची कर्जं मंजूर होतात असा आमचा एक व्याही एका बटनापुढे नापास होऊन परत खुर्चीत बसलेला मी पाहिला आहे. मग आईच उठायची, डावीकडे रेटायची आणि विजयी मुद्रेने परत खाटेवर बसायची. सत्त्याऐंशीव्या वर्षी माणसाला घरात आपली गरज आहे असं वाटायला अशी बटनं फार उपयोगी पडतात.

शेवटी मे महिन्यात, पारा 45 च्या घरात असताना, त्यातून जळका वास आला आणि पंखा थांबला. पुण्यामुंबईकडच्या वाचकांसाठी खुलासा: विदर्भातल्या मे महिन्यात पंखा ही चैनीची वस्तू नाही. खरं तर तो उपयोगाचाही नाही, कारण दिवसभर तापलेल्या स्लॅबखालची हवा तो निष्ठेने आपल्या डोक्यावर आणून ओततो. पण तो फिरत असला की आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी करतंय असा धीर येतो.

मी दुकानातून बटन आणलं. पियानो पद्धतीचं, पांढरं, 6 अँपिअरचं. पंचवीस रुपये. दुकानदाराने ते कागदात बांधण्याचेही कष्ट घेतले नाहीत, तसंच माझ्या तळहातावर ठेवलं. घरी आल्यावर ते टेबलावर मध्यभागी ठेवून आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो. आता पुढे काय?

इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये आमच्या याच वर्ध्यात देशभरातली शिक्षणतज्ज्ञ मंडळी जमली होती. अध्यक्ष गांधीजी. सात वर्षांचं सक्तीचं आणि मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि सगळं शिक्षण हाताच्या एखाद्या उद्योगाभोवती गुंफलेलं, असं तिथे ठरलं. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम बेतला. 'वर्धा शिक्षण योजना' या नावाने ती जगभर गेली आणि नई तालीम म्हणून सेवाग्रामात वर्षानुवर्षं चालली. सेवाग्रामची मुलं सूत कातत, भाजी पिकवत, संडास साफ करत आणि त्यातूनच गणित-विज्ञान शिकत. ही योजना मी नोकरीभर वर्गात शिकवली. वहीत पाच मुद्दे, प्रत्येकी एक गुण. 'हस्तोद्योगाचे महत्त्व' हा मुद्दा क्रमांक तीन. तो मुलांनी कितीदा घोकला आणि मी कितीदा तपासला याला गणती नाही. त्या सगळ्या काळात वर्गात स्क्रू-ड्रायव्हर असा एकदाच आला, तोही एका पोराने बाकाचे स्क्रू काढायला आणलेला, आणि तो मी जप्त केला. तोच आमच्या घरातला एकमेव स्क्रू-ड्रायव्हर.

तर टेबलाभोवती बसलेल्यांची पात्रता अशी: मी बी.एड., बायको बँकेतून निवृत्त आणि वर एम.ए., मुलगा पुण्याला इंजिनिअर पण कॉम्प्युटरचा, म्हणजे विजेशी त्याचा संबंध चार्जरपुरता. आई चौथी पास. आणि या सगळ्यांत विजेच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेली व्यक्ती एकच, आई. घरात किटकॅट फ्यूज होते त्या काळात फ्यूज उडाला की कंदिलाच्या उजेडात त्यात नवी तार ओवणं हे तिचं खातं होतं. बाबा टॉर्च धरायचे आणि सूचना द्यायचे. एमसीबी आल्यापासून तिचं ते खातं गेलं आणि सूचना देणारे तेवढे घरात उरले.

मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, मेन बंद करा, चार स्क्रू काढा, दोन वायरी बदला. यूट्यूबवर आहे सगळं." त्याच कॉलवर न्यू जर्सीहून माझा पुतण्याही होता. तो म्हणाला, "काका, इकडे आम्ही दुकानातून आणतो आणि आमचं आम्हीच लावतो." पण तिकडे बटन वर केलं की दिवा लागतो आणि खाली केलं की विझतो, आपल्याकडे बरोबर उलटं. शिवाय तिकडे घरात 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. तेव्हा अमेरिकेतल्या माणसापेक्षा दुप्पट धैर्य असल्याशिवाय भारतीय माणसाने बटनाला हात घालू नये, असं मी त्याला शास्त्रीय आधाराने सांगितलं आणि वायरमनला फोन लावला.

वायरमन 'येतो' म्हणाला. वर्ध्यात कारागिराच्या 'येतो'चे प्रकार असतात. नुसतं 'येतो' म्हणजे तुमचं काम त्याला माहीत झालं. 'येतोच' म्हणजे या आठवड्यात. 'निघालोच, सर' म्हणजे त्याच्या मागे ड्रिल मशीनचा आवाज येत असतो आणि तो देवळीला कोणाच्या तरी स्लॅबवर असतो. आणि फोन उचलत नाही तेव्हा तो खरोखर येत असतो, कारण गाडी चालवताना फोन घेत नाही. तो असाच, फोन न उचलता, एके सकाळी दारात उभा राहिला. खिशाला टेस्टर, कानामागे पेन्सिल. आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमन ट्रेड केलेला पोरगा, माझ्या शाळेतलाच. मी त्याला इतिहासात पस्तीस गुण दिले होते. ते त्याच्या लक्षात होते, हे मला पुढे बिलावरून कळलं.

त्याने बोर्ड उघडला. सनमायका मारलेला लाकडी बोर्ड, चार कोपऱ्यांत चार स्क्रू, त्यातला एक गंजलेला. आतून कुंभारणीचं मातीचं घर निघालं, पालीच्या अंड्याची टरफलं निघाली आणि मागच्या कोणत्या तरी वायरमनने सोडून दिलेला काळ्या टेपचा बोळा निघाला. मग तो बराच वेळ नुसता पाहत राहिला. कारागीर गप्प झाला की घरमालकाच्या पोटात गोळा येतो. तो बोलत असतो तोवर काम शंभराच्या आत असतं.

"सर, बटन तं गेलंच आहे," तो म्हणाला. "पण बटनाचा काही दोष नाही जी."

"मग कोणाचा?"

"वायरचा. अल्युमिनियम आहे न पूर्ण. घर कोणत्या सालचं?"

"चौऱ्याऐंशीचं."

"मंग बराबर आहे."

काय बराबर आहे हे त्याने समजावून सांगितलं, आणि तो नीट सांगत होता हे मला मान्य करावंच लागेल. अल्युमिनियम मऊ. बटनाच्या स्क्रूखाली दाबून बसवलं की ते हळूहळू चेपत जातं, त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो, स्क्रू सैल पडतो. सैल जोडातून वीज गेली की जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. आमच्या बटनाचं चर्र म्हणजे हा सगळा उद्योग चालू असल्याची जाहीर घोषणा होती, आणि ती आम्ही डावीकडे रेटून गप्प करत होतो. शिवाय हिवाळ्यात त्याच बोर्डाच्या सॉकेटमध्ये आम्ही पाणी तापवायचा रॉड लावत आलो होतो. पंधराशे वॉटचा रॉड म्हणजे 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर. सॉकेट सहाचं. त्या अर्ध्या अँपिअरची उधारी ते सॉकेट दर जानेवारीत सोसत आलं होतं. सॉकेट आतून तपकिरी झालं होतं आणि आम्हाला तो आवडता रंग वाटत होता.

"मग वायरचं टोक जरा कापून पुन्हा बसवता नाही येणार?" मी विचारलं.

"येते ना. पण हे ओढलं का तुटते. तुटलं का पाइपात जाते. पाइपात गेलं का भिंत फोडा लागते."

एवढ्या कमी शब्दांत कार्यकारणभाव सांगणारा विद्यार्थी माझ्या वर्गात असताना मी त्याला पस्तीसच गुण का दिले, याचा मी तिथेच उभा राहून विचार केला.

नव्या बटनाच्या बाबतीत मात्र माझी एक तक्रार होती. जुनी काळी गोल बेकलाइटची बटनं आमच्या बाबांच्या काळात उघडता यायची, आतल्या पितळेच्या पट्टीला पॉलिश पेपर मारला की पुढची दहा वर्षं निघायची. ही नवी बंद डबी. ती उघडायची नाही, फेकायची. तो हसला आणि म्हणाला, "सर, आतमध्ये स्प्रिंग आहे ना. ते खोललं का उडते, अन् मंग खाटेखाली हुडका." या स्प्रिंगचं श्रेय न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स नावाच्या इंजिनिअरला जातं. 1884 साली त्याने अशी रचना केली की माणसाने बटन कितीही सावकाश दाबलं, तरी आतल्या पट्ट्या झटक्यानेच जुळतील आणि झटक्यानेच सुटतील. सावकाश सुटल्या की मधल्या फटीत ठिणगी रेंगाळते आणि पट्ट्या जाळते. होम्स क्वेकर पंथाचा होता. पुढे सेवाग्रामच्या नई तालीममध्ये शिकवायला आलेल्या मार्जरी साइक्सही क्वेकरच. शांततेवर निष्ठा असलेल्या पंथाने जगाला खटका दिला आणि वर्ध्याला शिक्षिका दिली. शिक्षिकेचा लाभ आम्ही घेतला की नाही याबद्दल मतभेद होतील. खटक्याचा लाभ मात्र आम्ही बोटाने, कोपराने आणि हातात ताट असलं की कपाळाने घेतो.

मग इस्टिमेट झालं. ते कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं गेलं. वर्ध्यातली सगळी इस्टिमेटं लग्नपत्रिकेवरच लिहिली जातात. कागद जाड असतो, आणि एका बाजूला गणपती असल्यामुळे आकडा पाहताना आधार वाटतो. एका बोर्डाचा हिशेब त्याने असा मांडला: मोड्युलर बटनं सहा, साठ रुपये दराने 360. सॉकेट दोन, 260. पंख्याचं रेग्युलेटर 350. प्लेट 260. भिंतीत बसवायची लोखंडी पेटी 120. एकूण 1,350. बोर्ड चार, म्हणजे 5,400. तांब्याच्या वायरचे दोन बंडल, 4,600. मेनजवळची डबी, एमसीबी आणि आरसीसीबीसकट, 3,400. मजुरी 5,000. एकूण अठरा हजार चारशे. मी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. माझं 25 रुपयांचं बटन त्यात कुठेच नव्हतं.

"ते लागत नाही जी मोड्युलरमध्ये," तो म्हणाला. "वापस करून द्या."

दुकानदाराने ते परत घेतलं नाही, कारण पॅकिंग नव्हतं. पॅकिंग त्यानेच दिलं नव्हतं. हा मुद्दा मी त्याच्यासमोर मांडायच्या आत आमच्या सौ. मोड्युलर विभागात पोचल्या होत्या. आता बटन घेणं हे काम विजेचं राहिलेलं नाही, ते कपडे घेण्याच्या जवळ गेलं आहे. पांढरी प्लेट, दुधी प्लेट, राखाडी, काळी चकचकीत, लाकडाच्या रेघांची, सोनेरी कडेची. एका बटनात बारीक लाल दिवा, तो लागला की बटन चालू की बंद यावर दुकानातच वाद. मी किंमत विचारली. दुकानदाराने छापील किंमत सांगून लगेच त्यावर तीस टक्के कमी केले. मी आणखी काही बोलायच्या आत, माझा चेहरा पाहून, पाच टक्के अजून कमी केले. विजेच्या सामानाच्या छापील किमती तशा असतात. त्या देण्यासाठी नसतात, कमी करण्यासाठी असतात. एकच आकडा ठाम: त्यातला अठरा टक्के जीएसटी. नोव्हेंबर 2017 च्या आधी तो अठ्ठावीस होता, असं दुकानदार मला समजावत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बटनं तेव्हा न बदलल्यामुळे आमचे दहा टक्के वाचले. मला वाटतं, हे त्या दिवसातलं एकमेव निव्वळ उत्पन्न.

दुकानात उभा असताना समोरच्या फळीवर 'बजाज' असं लिहिलेले बल्ब दिसले आणि मला आमच्या गावाचा अभिमान वाटला. तो दिवसभर उपयोगी पडला. जमनालाल बजाज वर्ध्याचे. गांधीजींना वर्ध्याला आणलं त्यांनी, सेवाग्रामची जमीन दिली त्यांनी. आणि 1938 साली बजाजांची 'रेडिओ लॅम्प वर्क्स' सुरू झाली, तिचंच 1960 मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्स झालं. त्याच 1938 सालच्या डिसेंबरात वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, ग्रामोद्योगांचं: घाणी, चरखे, हातकागद. एकाच वर्षी एकाच वर्तुळातून एकीकडे चरख्याचं संग्रहालय आणि दुसरीकडे विजेचे दिवे. यात विसंगती शोधणारे लोक वर्ध्याबाहेर राहतात. गांधीजींनी 1935 मध्येच 'हरिजन'मध्ये लिहून ठेवलं होतं की खेड्यातल्या घराघरात वीज आली आणि खेडूत आपली अवजारं विजेवर चालवू लागले, तर त्यांची हरकत नाही. फक्त ते वीजघर गावाच्या किंवा सरकारच्या मालकीचं असावं. पण प्लेट दुधी घ्यावी की राखाडी याबद्दल त्यांनी काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे तो निर्णय आम्हाला घरीच घ्यावा लागला. राखाडी ठरली. दुधी आली. दुकानात राखाडीच्या तीनच होत्या.

काम सुरू झालं आणि घर राहण्याचं बंद झालं. भिंतीत झिरी मारायचं कटर सुरू झालं की आतल्या खोलीतल्या देव्हाऱ्यापर्यंत धूळ जाते, आणि आई देवांवर ओला रुमाल टाकून बसते. आमच्या घराच्या भिंती चौऱ्याऐंशीच्या, म्हणजे एका जागी सिमेंट, तर हातभर अंतरावर नुसती वाळू. सहा इंचाची पेटी बसवायला गेलं की भिंतीतून टोपलंभर माल खाली. त्यात शेजारचे काकाजी रोज सकाळी चप्पल बाहेर काढून पाहणीला यायचे. काकाजींचं एकच वाक्य: "आमच्या घरी तं नुसतं बटन बदललं. तीस रुपयांत झालं." वायरमनने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काकाजी, तुमच्या बोर्डात तिसरी वायर आहे का?" काकाजी म्हणाले, "तिसरी कायले पाह्यजे? दोन वायरींवर पंखा फिरते न." वायरमन काही बोलला नाही. फक्त आमच्या कूलरकडे बोट दाखवलं.

कूलरबद्दल मला थट्टा करता येत नाही. लोखंडी पत्र्याची पेटी, तळाला पाणी, पाण्यात पंप, आणि ती ओल्या फरशीवर उभी. वाळ्याच्या तट्ट्यांचा वास इतका गोड की त्या पेटीच्या अंगी काय दडलेलं आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, मुलं जातात, आणि पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. आमच्या घरात कूलरला हात लावताना पायात स्लीपर घालायची, हा नियम होता. तो आम्ही संस्कारासारखा पाळायचो. वायरमनने टेस्टर पत्र्याला लावला. दिवा मिणमिणला.

"अर्थिंगच नाही घराले," तो म्हणाला. "सॉकेटले तिसरं भोक आहे, पण मागे काहीच जोडलेलं नाही. नुसतं भोक."

पत्रिकेवरच्या 3,400 या आकड्यावर आमच्या सौं.नी आधी पेन्सिलने गोल केला होता, म्हणजे तो भावाच्या घासाघिशीत घ्यायचा होता. तो गोल तिने खोडला. आरसीसीबी म्हणजे घरातली वीज जेवढी गेली तेवढीच परत आली का, हे मोजणारी डबी. तीस मिलीअँपिअर एवढी जरी भलतीकडे, म्हणजे माणसाच्या अंगातून जमिनीत, जायला लागली की ती एका क्षणात सगळं बंद करते. अंगणात अर्थिंगचा खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा टाकला. आईने विचारलं, मीठ कायले? तो म्हणाला, माती ओली राहते. आईला हे पटलं. लोणच्याचा अनुभव होता.

बसवलेली आरसीसीबी पहिल्याच संध्याकाळी पडली. कूलर लावला की ठक. पुन्हा वर केली, कूलर लावला, ठक. सगळं घर अंधारात, टीव्हीवरची मालिका ऐन मोक्यावर, आणि बाहेरून काकाजींचा आवाज: "काय झालं जी? लाइन गेली का? आमच्याकडे तं आहे!" कूलरचा पंप आतून गळत होता. पाणी नव्हे, वीज. इतके उन्हाळे तो गळत आला होता आणि आम्ही स्लीपर घालत आलो होतो. नवा पंप साडेचारशे. हा आकडा पत्रिकेवर नव्हता. पत्रिकेवर जागाही उरली नव्हती. तो गणपतीच्या बाजूला, वधूच्या आजोबांच्या नावाखाली लिहिला.

हिशेबाच्या दिवशी चहा झाला. चहाबरोबर गोरसपाक ठेवला होता, वर्ध्याचा मान म्हणून आणि घासाघीस सोपी जावी म्हणून. वर्ध्याच्या बाहेरच्यांना गोरसपाक हे बिस्किट वाटतं. आमच्यासाठी ते वाटाघाटींचं साधन आहे. तोंड भरलेला माणूस आकडा लगेच वाढवू शकत नाही. मी म्हणालो, "भाऊ, मजुरी जरा पाहा. तू आपल्या शाळेचा."

"सर, तुमच्याकडून काय जास्त घ्याचं," तो म्हणाला. "तुम्ही मले पस्तीस दिले होते. काठावर होतो. एक कमी दिला असता तं आयटीआयले नंबर लागला नसता." आणि त्याने पाच हजारांतले पस्तीस रुपये कमी केले. बरोबर पस्तीस. बायको माझ्याकडे पाहत होती. शिक्षक म्हणून मी आणखी उदार असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब ती मनात करत होती, हे मला दिसत होतं. बँकेतली माणसं.

पेंटरचा खर्च मी इथे लिहीत नाही. तो विषय वेगळा आहे, आणि तो अजून संपलेला नाही. 'चार बोर्डाभोवतीचं जरा टचअप' असं सांगून बोलावलेला माणूस सध्या मागच्या खोलीत आहे.

आता घरात सगळं नवं आहे आणि कोणालाच काही कळत नाही. जुन्या बोर्डात काळं बटन दिव्याचं, मळलेलं पंख्याचं, तुटलेल्या कोपऱ्याचं बेडरूमचं, अशी प्रत्येकाची ओळख होती. नव्या प्लेटवर सहा बटनं ओळीने, सगळी पांढरी, सगळी सारखी, सगळी गुळगुळीत. पंखा लावायला गेलं की बाहेरचा दिवा लागतो, बाहेरचा बंद करायला गेलं की टीव्ही जातो. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस सगळं घर उजळून परत झोपतो. आईचं तर खातंच गेलं. डावीकडे रेटायची गरज उरली नाही, आणि पाहुणे स्वतः उठून पंखा लावतात, तिला विचारत नाहीत. म्हणून तिने एके दुपारी आपल्या डबीतल्या टिकल्या काढल्या आणि पंख्याच्या बटनावर एक लाल, दिव्याच्या बटनावर एक हिरवी लावून टाकली. एकशे तीस रुपयांच्या सॉकेटवर चमकीची.

सौ. म्हणाल्या, एवढ्या महागाची प्लेट आणि त्यावर टिकल्या. वाद वाढायच्या आत पंपाच्या कामासाठी वायरमन आला. त्याने टिकल्या पाहिल्या, हसला नाही, खिशातून एक पाकीट काढलं. बारीक पारदर्शक स्टिकर. पंखा, बल्ब, ट्यूब, घंटी, गीझर, एसी, अशी चित्रं. चाळीस रुपये. आईने चष्मा लावून ती एकेक बटनावर चिकटवली, आपल्या मनाने, कोणाला न विचारता, आणि त्या कामात तिला जी गोडी वाटली ती त्या महिन्यात घरात दुसऱ्या कोणाला कशातच वाटली नव्हती. शेवटी दोन स्टिकर उरले. गीझरचं तिने न्हाणीघराच्या दारावर लावलं. एसीचं हातात धरून ती भिंतीकडे पाहत राहिली.

"हे कुठं लावू रे?"

वायरमनने खिडकीच्या वरची भिंत पाहिली, मग मेनकडे पाहिलं, मग कानामागची पेन्सिल काढली. "लावता येते ना, आजी. पण त्याले मेनपासून वेगळी लाइन आणा लागन," तो म्हणाला, आणि मला विचारलं, "सर, एखादी पत्रिका आहे का?"